खडूच्या रेघेपलीकडे सरकलेला दिवा

मार्च लागला की मला घोंगड्यांचा वास येतो. घरात एकही घोंगडी नाही. मुलगा बंगळूरला गेला तेव्हा होत्या नव्हत्या त्या सगळ्या देऊन टाकल्या. तरीही दुपारचे दोन वाजले, रस्त्यावरची पिवळी फुलं उन्हात करपायला लागली, शेजारच्या दहावीच्या मुलीने खिडकीत बसून मोठ्याने घोकायला सुरुवात केली, की तो वास येतोच. जाड, मेंढ्यांचा, आत थोडं रॉकेल मिसळलेला. मग मी उठतो, पाणी पितो, परत बसतो. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला बसायला जागा पुष्कळ असते. या वर्षी मात्र मला कुठेच बसवेना.

हा आमचा उपवासकाळ. पुनरुत्थानाच्या सणाआधीचे चाळीस दिवस. माझे आजोबा नगरकडून इथल्या रेल्वेच्या कारखान्यात आले, त्यांच्यामागून आणखी पाचसहा मराठी ख्रिस्ती घरं आली, आणि म्हैसुरात आमची एक लहानशी मंडळी उभी राहिली. स्वतःचं देऊळ कधीच झालं नाही. कन्नड मंडळीचा मागचा हॉल आम्हाला शुक्रवारी मिळायचा, तोही दुपारी, कारण संध्याकाळी त्यांची गाण्याची तालीम असे. त्या भर उन्हात, भर उजेडात आम्ही खिडक्यांना घोंगड्या बांधून अंधार करायचो. छायावर्गासाठी.

छायावर्ग म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण तो पाहिलेली माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. आमच्या धर्मशास्त्रात एक जुनी शिकवण आहे. तारणारा एकदम आला नाही. तो येण्याच्या कितीतरी आधी त्याची छाया पडत राहिली. इसहाक बापाच्या मागून स्वतःच्याच होमाची लाकडं पाठीवर घेऊन डोंगर चढला, ती छाया. योसेफाला भावांनी खड्ड्यात टाकलं, परक्यांना विकलं, आणि पुढे त्याच भावांना त्याने दुष्काळात जगवलं, ती छाया. योना तीन दिवस माशाच्या पोटात राहिला. मोशेने रानात खांबावर पितळी सर्प उंच केला. प्रत्येकात येणाऱ्याचा एकेक अवयव दिसतो. कुणात खांदा, कुणात जखम, कुणात नुसतं गप्प राहणं.

शांतवनने ही शिकवण पडद्यावर आणली. तो एका छापखान्यात पुस्तकं बांधायचा, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. इकडच्या खेड्यांत कातडी बाहुल्यांचे खेळ होतात, ते पाहून तो बकऱ्याचं कातडं तासून पातळ करायला शिकला होता. त्याचा इसहाक वीतभर उंचीचा होता. पाठीवरच्या मोळीतलं एकेक लाकूड सुटं दिसायचं, आणि मान किंचित बापाकडे वळलेली. दर शुक्रवारी एक छाया. मुलांनी ओळखायचं, हा कोण आणि याच्या पलीकडे कोण. शेवटच्या, उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला मात्र बाहुली नाही, दिवा नाही. शांतवन पडदा काढून घडी करून बाजूला ठेवायचा, घोंगड्या सोडायचा आणि सगळं ऊन आत यायचं. तो आला की छाया लागत नाही, एवढंच म्हणायचा. मुलं डोळे चोळत बसायची.

गेल्या आठवड्यात ग्रेस आली. चोवीस वर्षांची, शाळेत शिकवते, आमच्या मंडळीची स्मरणिका तीच करते आहे. तिचं मराठी कन्नडच्या कडेकडेने चालतं. काखेत जुनी वही होती.

"अज्जा, छायावर्गाचं एक पान लिहिलंय. बघून द्या. सोमवारी प्रेसला देणार."

मी वाचलं. नीटनेटकं होतं. शेवटचं वाक्य असं, की शांतवन यांच्या निष्काळजीपणामुळे आग लागून एक मुलगी भाजली आणि ही सुंदर प्रथा कायमची बंद पडली.

"हे कुठून घेतलंस?"

"ह्या वहीतून. पंचांच्या सभेचं लिहिलेलं आहे ना, त्यातून." तिने पान उघडून माझ्यापुढे धरलं. "अय्यो, तुमचंच अक्षर आहे! किती छान होतं हो तुमचं अक्षर."

ती भाजलेली मुलगी म्हणजे ग्रेसची आई, करुणा. ग्रेस ते वाक्य आपल्या आईविषयी लिहीत होती, माझ्या अक्षरावर विश्वास ठेवून.

"सोमवारपर्यंत ठेव माझ्याकडे," मी म्हणालो.

"पुढच्या शुक्रवारी तुमचा इसहाक आहे. ते पण विसरू नका," ती म्हणाली आणि गाडी सुरू करून गेली. मी अजूनही दर वर्षी उपवासकाळात इसहाकावर बोलतो. नुसत्या शब्दांनी.

आगीच्या वर्षीचा पाचवा शुक्रवार. मी एकोणतीस वर्षांचा. नगरहून दोन पाहुणे आले होते आणि पहिली बाकं मुलांसाठी सोडून त्यांच्या मागे, लांब भिंतीशी बसले होते. म्हैसूरच्या मराठी मंडळीला धर्मशिक्षक नेमायचा होता. शांतवन की मी, एवढाच प्रश्न उरला होता. हॉलमध्ये भट्टीसारखा उकाडा. कुणाच्या तरी वेणीतला मोगरा सुकत होता. पडद्यामागे एका तिवईवर काचेचा दिवा, आणि फरशीवर शांतवनने खडूने मारलेली रेघ. "तिवई या रेघेच्या पुढे घ्यायची नाही," त्याने मला पहिल्याच शुक्रवारी बजावलं होतं. "पुढची फरशी डुगडुगते."

इसहाक माझ्या हातात होता, अब्राहाम दुसऱ्या हातात. पुठ्ठ्याचा डोंगर खाचेत उभा केलेला. मी बोलत होतो आणि माझं बोलणं चांगलं चाललं होतं. तेवढ्यात पश्चिमेकडच्या खिडकीची घोंगडी एका टोकाने सुटली आणि उन्हाचा पट्टा पडद्यावर आडवा आला. शांतवन ती बांधायला गेला. मागच्या भिंतीशी एक पाहुणा दुसऱ्याला म्हणाला, "इथनं काही दिसत नाही बुवा."

दिवा जवळ आणला की छाया मोठी होते. हे मला शांतवननेच शिकवलं होतं. हात गुंतलेले होते, म्हणून मी पायाने तिवई माझ्याकडे ओढली. रेघ ओलांडली हे मला दिसलं होतं. ते मी सेहेचाळीस वर्षं स्वतःला नीट सांगितलेलं नाही, म्हणून आज इथे लिहितो: दिसलं होतं. डोंगर छतापर्यंत गेला. मुलांनी एकदम श्वास आत घेतला, तो आवाज मला आवडला. मग तिवई कलली.

काच फुटली, रॉकेल पडद्यावर गेलं, पडदा पेटत खाली आला. पहिल्या रांगेत बसलेल्या आठ वर्षांच्या करुणाने तोंड वाचवायला उजवा हात वर केला. शांतवन खिडकीतून घोंगडी ओरबाडून धावला, तीच तिच्यावर टाकून त्याने आग विझवली. मी उभा होतो. माझ्या हातात इसहाक तसाच होता.

त्यानंतरच्या रविवारी पंच बसले. शांतवन, मी आणि पाचजण. मी सेक्रेटरी, म्हणून वही माझ्यापुढे.

"दिवा कुणाच्या ताब्यात होता?" मोठ्या पंचांनी विचारलं.

"माझ्या," शांतवन म्हणाला.

ते खरंच होतं. मग त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"आणखी कुणाला काही सांगायचं आहे?"

बाहेर एक टांगा गेला. घोड्याच्या टापा कोपऱ्यावर वळेपर्यंत मला ऐकू आल्या, इतका वेळ सगळे थांबले होते. "नसेल तर लिहा," मोठे पंच मला म्हणाले. मी टाक उचलला आणि लिहिलं. निष्काळजीपणा हा शब्द त्यांनी सांगितला नव्हता. चूक, एवढंच ते म्हणाले होते. निष्काळजीपणा माझा.

शांतवनला शिकवायला बंदी झाली. दोन महिन्यांनी तो नंजनगूडच्या एका कारखान्यात लागला आणि तिकडेच राहायला गेला. धर्मशिक्षक मी झालो.

माणसाला आपल्या पापाबरोबर राहायचं असेल तर त्याला त्या पापाची एखादी चांगली गोष्ट रचावी लागते. मला गोष्टी रचता येत होत्या. तेच माझं काम होतं. अब्राहामाने सुरी उचलली तेव्हा झुडपात शिंगं अडकलेला एक मेंढा उभा होता, आणि पोराच्या जागी तो गेला. मी हे दर वर्षी शिकवत असे, आणि हळूहळू माझ्या मनात त्या मेंढ्याला शांतवनचा चेहरा आला. तो बोलला नाही. त्याने दुसऱ्याचं ओझं घेतलं. खड्ड्यातला योसेफही तोच, भावांनी विकलेला, कुणावर राग न धरणारा. एका उत्तम शुक्रवारी मी त्याचं नाव न घेता सांगितलं की असा एक माणूस मी पाहिला आहे, ज्याच्यावर तारणाऱ्याची छाया पडली होती. बायकांनी डोळे पुसले. मीही पुसले. घरी आलो तेव्हा मला फार हलकं वाटलं होतं. त्या हलकेपणाची मला आज जितकी लाज वाटते तितकी त्या तिवईचीसुद्धा वाटत नाही.

ग्रेस येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी नंजनगूडला गेलो. गाडीत कारखान्यांतल्या कामगारांची गर्दी, सगळे फोनमध्ये. मी मनात वाक्यं जुळवत होतो. नदीचा पूल आला तेव्हा बरीच जुळली होती.

शांतवन ओसरीत खुर्चीवर बसला होता. डोळ्यांत मोतीबिंदू, पण माझं पाऊल त्याला कळलं.

"बन्नी, या या. सेक्रेटरी आले," तो म्हणाला. "कोण मेलं?"

"कुणी नाही."

"मग कसा आलास? तू फक्त मयतीला येतोस. माझ्या बायकोच्या वेळी आलास, शेवटच्या रांगेत उभा राहिलास, आणि माती टाकायच्या आधी पळालास."

"बस होती."

"हौदु हौदु, खरंच. बस होती."

आतून त्याच्या सुनेने कॉफी आणली. ती जाईपर्यंत मी थांबलो, मग बोललो. तिवई, रेघ, पाय, सगळं. त्याने मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी मी म्हणालो, "इतकी वर्षं इसहाकाची गोष्ट सांगताना मला तूच दिसत आलास, शांतवन. झुडपातला मेंढा. माझ्या जागी गेलेला."

तो हसला. हसता हसता खोकला. कॉफी सांडली.

"मेंढा? अरे, मेंढ्याला कुणी काही विचारलं होतं का? मला विचारलं. दिवा माझ्याकडे होता, मी सांगितलं. मग तुझ्याकडे बघितलं. का बघितलं?"

"मला वाटलं, तू मला सांभाळून घेतोयस."

"सुम्ने, उगाच काहीतरी! तुझी पाळी होती म्हणून बघितलं. मी माझं सांगितलं, आता तू तुझं सांग." त्याने पेला खाली ठेवला, चाचपून, जागा शोधून. "नंतर दोन महिने मी दर संध्याकाळी धुतलेला सदरा घालून दारात बसायचो. बायको म्हणायची, कुठे निघालात? मी म्हणायचो, कुठे नाही, प्रभाकर येईल. दोन महिने, प्रभाकर. मग इकडची नोकरी घेतली."

मी रुमाल काढून सांडलेली कॉफी पुसली.

"आणि मला त्या ओळीत बसवू नकोस," तो म्हणाला. त्याचा आवाज आता चढला होता. "इसहाक, योसेफ, मोशे, आणि शेवटी शांतवन बुकबाइंडर. मी तिथे बसलो की तुझी सुटका होते, कळतं मला. तारणारा आपणहून गेला. मला तुम्ही घालवलं. यात फरक आहे की नाही? तू तर शिकवतोस."

"आहे."

"मग साकु. पुरे झालं."

मी विचारलं, माफ करशील का.

"ते मला का आधी विचारतोस? हात कुणाचा भाजला? तिला सांग. माझं नाव तिच्या मागून."

परतीच्या गाडीत जुळवलेलं एकही वाक्य उरलं नव्हतं. डब्यात ऊन भरलं होतं. मी इसहाकाचा विचार करत होतो, पण या वेळी दुसऱ्या बाजूने. डोंगर चढताना त्याला ठाऊक नव्हतं की तो कुणाची छाया आहे. त्याला मोळी जड झाली होती आणि त्याने बापाला विचारलं होतं, कोकरू कुठे आहे. खड्ड्यातल्या योसेफाला अंधार कळला, तहान कळली. छाया नंतरच्यांना दिसते, लांबून, भिंतीशी बसलेल्यांना. ज्याच्या अंगावरून ती पडते त्याला फक्त दिव्याची धग लागते. ही शिकवण खोटी आहे असं मी म्हणत नाही. मी तिच्यातच वाढलो, तिच्यातच मरेन. पण शास्त्रात ती छाया पाडणारा देव आहे. शांतवनची छाया मी पाडली होती, माझ्या सोयीने, दिवा हवा तसा सरकवून. जिवंत माणसाला असं पडद्यावर चढवणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा घालवणंच होतं.

स्टेशनावरून घरी गेलो नाही. रिक्षा केली आणि हिनकलला करुणाच्या घरी गेलो. शनिवार, दुपारचे चार. ती नजरबादेतल्या एका कचेरीत आहे, सुट्टी होती. ओट्याशी उभी राहून डाव्या हाताने गाजरं किसत होती. उजव्या हाताने फक्त किसणी दाबून धरलेली. त्या हाताची बोटं पुरती उलगडत नाहीत. लिहायला ती डाव्या हाताने नव्याने शिकली.

"मामा! एवढ्या उन्हात? ग्रेस, पाणी आण."

"बस, करुणा. ग्रेस, तूही बस."

मी सांगितलं. या वेळी मेंढा नाही, योसेफ नाही. तिवई मी ओढली, रेघ मला दिसत होती, पंचांपुढे मी बोललो नाही, आणि वहीतला तो शब्द माझा.

करुणाने किसणी बाजूला सारली. बराच वेळ ती बोटांना चिकटलेला कीस एकेक करून काढत राहिली.

"का ओढलीत?"

"मागच्या लोकांना दिसत नव्हतं म्हणून."

तिने माझ्याकडे पाहिलं.

"पाहुण्यांना दिसत नव्हतं म्हणून," मी म्हणालो. "मला ती नेमणूक हवी होती."

"डोंगर मोठा झाला होता," ती म्हणाली. "मला आठवतंय. एकदम वरपर्यंत गेला. मला इतका आवडला होता तो. दवाखान्यात मी आईला सांगितलं, आधी डोंगर मोठा झाला, मग आग आली. आई म्हणाली, तापात बडबडतेस, झोप. दुसऱ्या दिवशी पण सांगितलं. मग बाबा रागावले. मग मलाच वाटायला लागलं, की मी ते स्वप्नात बघितलं."

ग्रेस आईकडे बघत होती, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला बघवेना, पण मी बघितलं.

"शांतवनकाका एकदा दवाखान्यात आले होते," करुणा म्हणाली. "आईने दारातूनच घालवलं. हातात काहीतरी होतं त्यांच्या, कागदात गुंडाळलेलं. नंतर बाजारात, कुठे दिसले तर आई रस्ता बदलायची. मीपण बदलला, मामा. मोठी झाल्यावरसुद्धा. नोकरीला लागल्यावरसुद्धा. एकदा स्टँडवर ते समोर होते आणि मी दुसऱ्या बसमध्ये चढले." तिचा आवाज फाटला. "तुम्ही मला हे करायला लावलंत. हाताचं जाऊ दे."

हाताचं जाऊ दे, असं ती म्हणाली. मी त्या हातासाठी माफी मागायला आलो होतो. याच्यासाठी माझ्याजवळ काहीच नव्हतं.

"त्यांचा नंबर आहे?"

मी सुनेचा नंबर दिला. करुणाने तो डाव्या अंगठ्याने लावला आणि ती उठून उभी राहिली. पलीकडे बराच वेळ घंटा वाजत असावी.

"काका?" ती म्हणाली. "मी करुणा. भाजलेली करुणा."

आणि ती आतल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं.

ग्रेसने टेबलावर लॅपटॉप उघडला. ते वाक्य तिने काढून टाकलं; मोकळ्या जागेत उभी रेघ लुकलुकत होती. "सांगा," ती म्हणाली. अज्जा म्हणाली नाही. मी सांगितलं, ती लिहीत गेली. शेवटी तिने विचारलं, "तुमचं नाव पूर्ण घालू?"

"पूर्ण घाल. आणि शुक्रवारी इसहाक दुसऱ्या कुणाला तरी दे. मला त्या वेळात हेच वाचायचं आहे. उभं राहून."

"बघते," ती म्हणाली. हो म्हणाली नाही.

आतून करुणाचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मधे ती रडली. मग बराच वेळ ती नुसती ऐकत असावी, कारण काहीच आवाज नव्हता. मग ती हसली, मोठ्याने, लहान मुलीसारखी, आणि "खरंच? अजून आहे तुमच्याकडे?" असं काहीतरी म्हणाली. तिकडे काय होतं, शांतवनने काय जपून ठेवलं होतं, मला कळलं नाही. ग्रेसही दाराकडे बघत होती. मी चपला घातल्या. तिने मला थांबा म्हटलं नाही, आणि मी दार हळूच ओढून घेतलं, आतलं बोलणं तुटू नये म्हणून.